वांद्र्याचं ड्राइव्ह-इन कशानं गेलं?

वांद्र्याच्या ड्राइव्ह-इनचा, म्हणजे गाडीत बसून उघड्यावर सिनेमा बघायच्या थिएटरचा, विषय निघाला की दहा मिनिटांत दोन गट पडतात, आणि हे मी इतक्या वेळा बघितलंय की कोण काय बोलणार हे आता आधीच कळतं. एक गट हळवा होतो, काय ते दिवस, काय तो भलामोठा पडदा, गाडीच्या काचेला अडकवलेला तो स्पीकर, आता तसलं काही राहिलं नाही. दुसरा गट लगेच हिशोब मांडतो, अहो ज्या शहरात माणसाला पाय पसरायला जागा नाही तिथं गाडीत बसून सिनेमा बघायला एवढी मोकळी जमीन ठेवायची म्हणजे काय, गेलं ते बरंच झालं, आणि तसंही व्हिडिओ, केबल, मल्टिप्लेक्स आल्यावर ते टिकणार नव्हतंच. मग थोडी वादावादी होते, कुणीतरी विषय बदलतं आणि संपलं. मला दोन्ही बाजू अर्धवट वाटतात आणि ते "टिकणार नव्हतंच" तर सरळसरळ चुकीचं वाटतं. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. बघणाऱ्यांची आवड बदलली म्हणून ते ड्राइव्ह-इन गेलं असं मला वाटत नाही, ते ज्या जमिनीवर होतं त्या जमिनीचा भाव बदलला म्हणून ते गेलं. आणि हा फरक मोठा आहे, कारण आवड बदलली तर कुणाला काही विचारता येत नाही, पण जमिनीचं काय करायचं हे कुणीतरी ठरवत असतं, आणि ठरवणाऱ्याला प्रश्न विचारता येतो.

जागा कुठली होती ते बघा. वांद्रे पूर्व, कलानगरच्या पुढं, मिठी नदीच्या बाजूचा सखल भाग. खाजण, खारफुटी, चिखल. 1970 च्या दशकाच्या शेवटी शेवटी ड्राइव्ह-इन सुरू झालं तेव्हा हा भाग शहराच्या मधोमध असूनही शहराची मागची बाजू होता, रात्री तिकडं दिवेच नसायचे. आणि ड्राइव्ह-इनला नेमकं तेच लागतं. आत बसून सिनेमा बघायचा तर चार भिंती अंधार तयार करतात, उघड्यावर तो बाहेरूनच मिळावा लागतो, आजूबाजूला उजेड असला की पडदा फिका पडतो. म्हणजे स्वस्त आणि अंधारी जमीन ही या धंद्याची पहिली गरज, आणि त्या दोन्ही गोष्टी फक्त शहराच्या काठावर सापडतात. पण काठ कधी काठ राहत नाही ना. 1977 साली एमएमआरडीएला, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाला, वांद्रे-कुर्ला संकुलासाठी विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नेमलं, जवळजवळ 370 हेक्टरचा भाग. म्हणजे पडद्यावर सिनेमे दिसत होते त्याच वर्षांत त्या परिसराचं पुढं काय होणार याचे नकाशे दुसरीकडे तयार होत होते. आम्ही पोरं मागच्या सीटवर उशा घेऊन पडलेलो असायचो, आम्हाला काय माहीत.

ड्राइव्ह-इनचा सगळा इतिहासच जमिनीचा इतिहास आहे असं मी म्हणते ते उगाच नाही. रिचर्ड हॉलिंग्सहेड नावाच्या माणसानं 6 जून 1933 ला अमेरिकेत न्यू जर्सीतल्या कॅम्डेनला पहिलं पेटंट घेतलेलं ड्राइव्ह-इन उघडलं. त्याआधी त्यानं घरासमोरच्या वाटेवर प्रयोग केले, गाडीच्या बॉनेटवर प्रोजेक्टर ठेवला, समोर झाडांना चादर ठोकली, पावसात कसं दिसेल ते बघायला बागेतला फवारा सोडला, आणि पुढच्या गाडीच्या टपामुळं मागच्याला पडदा दिसत नाही म्हणून चाकांखाली ठोकळे घालून बघितले. त्याच्या पेटंटमधला मुख्य मुद्दा कुठला होता? पडदा त्याचा शोध नव्हता, प्रोजेक्टर तर नव्हताच. गाड्या अर्धवर्तुळात कशा लावायच्या आणि प्रत्येक रांगेखालची माती कशी उतरती-चढती करायची, म्हणजे गाडीचं नाक वर राहील आणि समोर गाडी असली तरी पडदा दिसेल, हे त्यानं मांडलं होतं. 1949 मध्ये कोर्टानं ते पेटंट मोडीत काढलं, कारण काय तर थिएटरमध्ये खुर्च्या उतरत्या असतात तशी इथं जमीन उतरती केलीय, यात शोध कसला. वकिलांची गोष्ट सोडा, मला यात खरी गंमत ही दिसते की कोर्टानंही शेवटी हेच म्हटलं, ड्राइव्ह-इन म्हणजे विशिष्ट पद्धतीनं घडवलेली जमीन, बाकी काही नाही.

आता टीव्हीची गोष्ट. "टीव्हीनं ड्राइव्ह-इन मारलं" हे वाक्य जगभर बोललं जातं आणि तारखा लावून बघितल्या तर ते उभंच राहत नाही. अमेरिकेत 1950 साली दहातल्या एका घरातही टीव्ही नव्हता, 1960 येईपर्यंत दहातल्या आठ-नऊ घरांत आला. मग या दहा वर्षांत ड्राइव्ह-इन धडाधड बंद पडायला हवी होती ना? झालं उलटंच. याच दहा वर्षांत ती वाढत गेली आणि 1958 च्या सुमाराला चार हजारांच्या वर पोचली. ज्या टीव्हीनं शहरातली भिंतीतली थिएटरं रिकामी केली त्याच काळात लोक पोरांना पायजम्यात गाडीत घालून शहराबाहेर सिनेमा बघायला जात होते. उतरण लागली ती नंतर, उपनगरं पसरत त्या मैदानांपर्यंत पोचली तेव्हा. रंगीत टीव्ही, व्हिडिओ, सत्तरच्या दशकातली पेट्रोलची टंचाई, 1966 च्या कायद्यानंतर उन्हाळ्यात घड्याळं एक तास पुढं गेल्यानं शो सुरू व्हायलाच उशीर, हे सगळं खरं आहे, मी नाकारत नाही. पण वर्षाचे काही महिने, दिवसाचे काही तास चालणाऱ्या धंद्याखाली जेव्हा जमिनीचा भाव वर जायला लागतो तेव्हा बाकीची कारणं फक्त हातभार लावतात. कित्येक मालकांनी तर सुरुवातीपासूनच जमीन धरून ठेवायची आणि भाव येईपर्यंत सिनेमा दाखवायचा असाच हिशोब केला होता.

आणि मुंबईचं काय? व्हिडिओ आपल्याकडं ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आला, गल्लोगल्ली कॅसेट भाड्यानं मिळायला लागल्या, व्हीसीआरसकट टीव्ही एका रात्रीसाठी भाड्यानं आणून तीन-तीन सिनेमे लागोपाठ बघायचे लोक. नव्वदीच्या सुरुवातीला केबल आलं. वांद्र्याचं ड्राइव्ह-इन या दोन्ही लाटा पचवून नव्या शतकापर्यंत चालूच होतं. मग मारलं कुणी? मल्टिप्लेक्सनं म्हणाल तर त्यातही एक मेख आहे. महाराष्ट्रात 2001 च्या धोरणानं मल्टिप्लेक्सना सुरुवातीची काही वर्षं करमणूक करातून सूट दिली, आणि जुनी थिएटरं मात्र तिकिटावर भरमसाट कर भरत राहिली. म्हणजे ज्याला आपण लोकांची आवड म्हणतो तिच्या एका पारड्यात सरकारनं आधीच वजन टाकलेलं होतं. एसी आणि मऊ खुर्ची लोकांना आवडली हे खरंय, मलाही आवडते. पण सारख्या अटींवर स्पर्धा झाली असं कुणी सांगू नये.

आता सगळ्यात बिनतोड आक्षेप घेते, कारण तो टाळून पुढं जाणं प्रामाणिकपणाचं नाही. मुंबईत तेव्हा गाडी होती कुणाकडं? लाखो लोक लोकलला लटकून कामावर जात होते, गिरणीचा संप होऊन घरं उद्ध्वस्त होत होती, त्या शहरात गाडीत बसून सिनेमा ही मूठभरांची चैन नव्हती का? होती, काही प्रमाणात होतीच. आणि ज्यांच्या आठवणींत फक्त स्वतःची फियाट आणि थर्मासमधली कॉफी आहे त्यांनी हे एकदा मान्य करायला हवं. पण दोन गोष्टी सांगते. एक, गाडी एक असली तरी माणसं एक नसायची. माझ्या मामाच्या फियाटमध्ये आम्ही आठ जणं जायचो, त्यात शेजारच्यांची दोन पोरं धरलेली, ज्यांच्या घरात सायकलसुद्धा नव्हती. आणि आत कोण बसतं, बाहेर सतरंजी टाकायची, गाडी फक्त स्पीकर अडकवायला आणि डबे ठेवायला. दुसरी गोष्ट माझ्या आजीची. तिचे गुडघे गेलेले, थिएटरचे जिने आणि अंधारातल्या पायऱ्या तिला जमायच्या नाहीत, म्हणून कित्येक वर्षं तिनं सिनेमा बघितलाच नव्हता. ड्राइव्ह-इनला ती पुढच्या सीटवर बसली, दार उघडं, पाय बाहेर स्टुलावर, आणि अख्खा सिनेमाभर मोठ्यानं विचारत राहिली, "अगं हा तिचा कोण?" आणि कुणी तिला श्श केलं नाही. हॉलिंग्सहेडच्या पहिल्या जाहिरातींतही हेच होतं, मुलांनी कितीही दंगा केला तरी सगळं घर घेऊन या. आजारी माणूस, रडणारं तान्हं मूल, चाकाच्या खुर्चीतलं माणूस, ज्यांना बंद थिएटरमध्ये आपण नकोसे आहोत असं वाटतं, त्यांना इथं जागा होती. याला नुसती चैन म्हणून कसं सोडून देणार?

शिवाय उघड्यावरचा सिनेमा ही गाडीवाल्यांनी आणलेली गोष्टच नाही. गिरगावात, लालबाग-परळला गणपतीच्या दिवसांत गल्लीत आडवा पांढरा पडदा बांधून सिनेमा लावायचे, चटया टाकून जागा धरायच्या, उशीर झाला तर पडद्याच्या मागच्या बाजूला बसायचं आणि पाट्यांवरची अक्षरं उलटी वाचायची, डावखुरा हिरो बघायचा. गावाकडं जत्रेत तंबू थिएटरं यायची, ट्रकमधून प्रोजेक्टर यायचा. ड्राइव्ह-इन हे त्याच घराण्यातलं, फक्त त्याला चाकं लागली. अहमदाबादच्या सनसेट ड्राइव्ह-इनमध्ये, 1973 साली सुरू झालेलं, 665 गाड्यांची जागा, तिथं गाडी नसलेल्यांनाही बसून सिनेमा बघायची सोय ठेवलेली होती. म्हणजे गाडी ही अट असायलाच पाहिजे असं काही नव्हतं. आणि तेही सुरुवातीला शहराच्या बाहेरच होतं बरं का. पुढं शहर वाढत त्याच्या अंगावर आलं, रस्त्यालाच ड्राइव्ह-इन रोड नाव पडलं, मॉल उभे राहिले, तरी ते पुढची अनेक दशकं चालत राहिलं. मग "टिकणं शक्यच नव्हतं" हे कुठल्या तोंडानं म्हणायचं? शक्य होतं. एका शहरात झालं, दुसऱ्यात झालं नाही.

जुन्या आठवणी काढताना दुसरंही एक भान ठेवायला हवं, ते हळव्या गटासाठी. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कित्येक ड्राइव्ह-इनमध्ये काळ्या लोकांना वेगळं प्रवेशद्वार, वेगळा कोपरा होता, काही ठिकाणी तर घेतलंच जात नव्हतं. तिथल्या गोड आठवणी सांगणाऱ्या पिढीतल्या किती जणांना कुंपणापलीकडचा कोपरा आठवतो? नुसतं स्मरणरंजन हे असं करतं, आपल्याला मिळालं तेवढंच लक्षात ठेवतं. म्हणून मला आठवण नको असं नाही, उलट पूर्ण हवी आहे, कुंपणासकट, जमिनीच्या कागदांसकट.

बरं, मग दुसऱ्या गटाचा हिशोब. जमीन वाया जात होती. आकडेच घेऊ. न्यूयॉर्कजवळ कोपेग इथं 1957 ला एक अवाढव्य ड्राइव्ह-इन झालं, 28 एकर आणि 2500 गाड्या. म्हणजे एकराला नव्वदच्या आसपास गाड्या. त्या मापानं पाच-सहाशे गाड्यांना सहा-सात एकर लागणार. वांद्रे-कुर्ल्याच्या भावात सहा-सात एकर! ऑफिसच्या मजल्यांशी याची तुलना केली तर ड्राइव्ह-इन हरणारच, आणि पावसाळा धरला तर आणखीच हरणार. पण मग या मापानं काय काय हरतं ते पण बघा की. शिवाजी पार्क हरतं, आझाद मैदान हरतं, चौपाटी हरते, शाळेचं पटांगण हरतं. मुंबईत माणशी मोकळी जागा जेमतेम सव्वा चौरस मीटरच्या घरात आहे. त्या शहरात "या जागेतून जास्तीत जास्त किती निघेल" हा एकच प्रश्न विचारायचा ठरवला तर उघडं असं काहीच उरणार नाही, आणि हे मी घाबरवायला म्हणत नाही, हे आपण एकदा होताना बघितलंय.

गिरण्यांच्या जमिनी आठवा. सुमारे 600 एकर, शहराच्या ऐन मध्यात. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या 58 क्रमांकाच्या नियमात साधारण तिसऱ्या हिश्शाचं सूत्र होतं, एक भाग मोकळ्या जागेला, एक म्हाडाच्या (सरकारी गृहनिर्माण संस्थेच्या) घरांना, एक मालकाला. 2001 मध्ये त्यात बदल झाला आणि वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती उरली, इमारती उभ्या असलेली जमीन त्यातून निसटली. प्रकरण हायकोर्टात गेलं, तिथं 2005 मध्ये मोकळ्या जागेच्या बाजूनं निकाल लागला, आणि मार्च 2006 मध्ये सुप्रीम कोर्टानं तो फिरवला. तेव्हा पण हेच बोललं गेलं की गिरण्या टिकणार नव्हत्याच, काळ बदलला. गिरण्या कदाचित नसत्याही टिकल्या. पण गिरणी बंद पडणं आणि गिरणीची जमीन कुणाला मिळणं हे दोन वेगळे प्रश्न होते, आणि पहिल्याच्या आडून दुसऱ्याचा निकाल लागला. संपकरी कामगाराचं दुःख आणि सिनेमाच्या पडद्याचं दुःख मी एका तराजूत घालत नाहीये, ते तसं नाहीच. पण युक्तिवादाची पद्धत तीच आहे, आधी एखादी गोष्ट जुनाट ठरवायची आणि मग तिच्या खालची जमीन आपोआप मोकळी झाली असं धरून चालायचं.

धोबीतलावचं रंगभवन त्याच सुमाराला शांत झालं. उघडं नाट्यगृह, जिथं जॅझ यात्रेपासून रॉकच्या मैफिलींपर्यंत काय काय झालं. तिथं कारण आवाजाचं होतं, 2000 चे ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, आजूबाजूला हॉस्पिटलं आणि कॉलेज असल्यानं तो शांतता क्षेत्राचा भाग ठरला. ते कारण मला पटतं, पेशंटची झोप गाण्यापेक्षा मोठी. पण बघा, ड्राइव्ह-इनला हा आक्षेपसुद्धा लागू होत नाही! आवाज प्रत्येकाच्या गाडीत, आधी खांबावरचा स्पीकर आणि पुढं जगभर एफएम रेडिओवर. लाखोंच्या शहरात शेजाऱ्याला त्रास न देता उघड्यावर शेकडो माणसांनी एकत्र बसायचा इतका सभ्य प्रकार दुसरा कुठला आहे?

आणि लोकांना आता हे नकोय म्हणाल तर 2021 च्या नोव्हेंबरमध्ये काय झालं? त्याच जागी उभ्या राहिलेल्या मॉलच्या गच्चीवर नवीन ड्राइव्ह-इन सुरू झालं, 290 गाड्यांचं. कोविडच्या काळात जगभर पार्किंगच्या जागांमध्ये पडदे लागले होते, त्याचीच ही आपल्याकडची आवृत्ती म्हणा. म्हणजे जी गोष्ट लोकांना नको झाली म्हणून गेली असं सांगत होते तीच गोष्ट, तीच जागा, फक्त काही मजले वर. मी हे नाव ठेवायला सांगत नाही, उलट बरं वाटलं. पण गच्चीवर सतरंजी घेऊन चालत येणाऱ्याला जागा कुठं आहे? मामाच्या फियाटमधून आलेली शेजारची पोरं कुठून येणार? जमिनीवरून गच्चीवर जाताना पडदा आला, गाड्या आल्या, आणि जमिनीवर असल्यामुळं जी ऐसपैस सोय होती, कुणीही यावं, कुठंही टेकावं, ती खालीच राहिली. तिचीच तर आम्हाला आठवण येते.

म्हणून मला आता जुन्या पडद्याच्या फोटोखाली उसासे टाकण्यात रस नाही. वांद्रे-कुर्ला संकुलात एमएमआरडीएची मैदानं आहेत, तिथं प्रदर्शनं भरतात, राजकीय सभा होतात, हजारो माणसं येतात आणि ते सगळं परवानगीनं होतं. शनिवार-रविवारी रात्री ऑफिसांचा भाग ओस पडतो, पार्किंगच्या जागा रिकाम्या असतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, पाऊस नाही, अंधार लवकर पडतो. दर हिवाळ्यात ठरावीक रात्री यातलं एक मैदान सिनेमासाठी राखून ठेवायला काय हरकत आहे? कायमची जमीन मागत नाहीये, फक्त काही रात्री मागतेय. मागं गाड्या, पुढं चटया, आवाज एफएमवर, ज्याच्याकडं गाडी नाही त्याच्या मोबाइलवर हेडफोन लावला की झालं, नाहीतर घरचा ट्रान्झिस्टर आणावा. पुढची जागा चालत येणाऱ्यांची आणि चाकाच्या खुर्चीवाल्यांची, ही अट लेखी हवी. आणि तिकीट असलंच तर माणशी, गाडीला वेगळं काही नाही. वांद्रे आणि कुर्ला दोन्ही स्टेशनांवरून तिथं बस जाते, शेवटचा शो शेवटच्या लोकलच्या आधी सुटेल एवढं फक्त वेळापत्रकात बघायचं.